वाडा पाडायच्या आधी जोत्याखालच्या मातीचं काय करावं? (बडोदे)

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा वाडा आहे. नेमका कुणी बांधला हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. पुढे ओसरी, मग चौक, चौकात आड, मागे माजघर आणि त्याच्याखाली तळघर. चार चुलत घरांत वाटणी झालेली आहे. उत्तरेकडची भिंत फुगली आहे, पोटमाळ्याच्या तुळया वाळवीने पोखरल्या आहेत. काकू एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि गेल्या पावसाळ्यात त्या जिन्यावरून दोनदा घसरल्या. तेव्हा वाडा पाडायचा हे ठरलं आहे, आणि त्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. बिल्डरशी करार झाला आहे. खाली गाड्यांसाठी बेसमेंट, वर सात मजले. पाडकाम दिवाळीनंतर.

माझा प्रश्न जमिनीखालचा आहे.

गेल्या महिन्यात माती तपासायला चौकात बोअर घेतलं आणि शेजारी एक खड्डा काढला. साधारण पुरुषभर खोलीवर मजुराचं फावडं विटांवर आपटलं. आमच्या भिंतीत आहेत त्या पातळ विटा नव्हेत. मोठ्या, जाड, वजनदार. त्यांच्याखाली बोटभर राखेचा पट्टा आणि राखेत खापराचे तुकडे. मी दोन विटा आणि मूठभर खापरं बाजूला ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला. आत्ता लिहिताना एक वीट समोर आहे : ३६ सेंमी लांब, २४ रुंद, ७ जाड. एका कडेला ओल्या मातीत उमटलेली तीन बोटं आहेत. झोपताना रोज त्या बोटांवर माझी बोटं ठेवून बघतो.

बेसमेंटसाठी साडेतीन मीटर माती निघणार आणि डंपरमधून कुठेतरी जाणार. ती जाण्याआधी कुणी बघू शकेल का? कुणाला भेटावं? चुलतभावांना भीती आहे की असं काही बोललं की काम अडकेल आणि जागा सरकारजमा होईल. जाणकारांनी कृपया सांगावं.

माजघर

आमचाही वाडा होता, बडोद्यातल्याच वाडी भागात. २००३ साली पाडला. तेव्हा असं विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवशी मी गेले तर चौकाच्या जागी मोठा खड्डा, आणि त्याच्या कापलेल्या बाजूवर रंगांचे पट्टे दिसत होते. काळा, पिवळा, विटकरी, परत काळा. साडीच्या काठासारखे. मी तिथे किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत बाजूला फळ्या लावून काँक्रीट ओतलं.

आमची माती शहराबाहेर एका खड्ड्यात भरावाला गेली. वडील पुढे दोन-तीनदा तिथे जाऊन आले. निळ्या नक्षीच्या चिनी बशीचा एक तुकडा आणि शंखाच्या बांगडीचे दोन तुकडे घेऊन आले होते. ते माझ्याकडे आहेत, पण ते कुठल्या पट्ट्यातले, वरच्या की खालच्या, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

तुम्ही वेळेत विचारताय. मागे हटू नका.

खापरखुणा

मी पुरातत्त्व शिकलो ते तुमच्याच गावात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. आता नोकरी दुसरीकडे आहे, तरी जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट विटेची. वीट मोठी आहे म्हणून ती हजार-दीड हजार वर्षांची, असं लगेच धरू नका. जुन्या पडीक भिंतीतल्या विटा उपसून नव्या बांधकामात वापरायची रीत आपल्याकडे फार जुनी. त्यामुळे वीट जुनी आणि भिंत तिच्यापेक्षा बरीच अलीकडची, असं नेहमी सापडतं. काळ ठरतो तो विटेभोवतीच्या मातीवरून आणि त्याच थरातल्या खापरांवरून. म्हणून विटांपेक्षा ती मूठभर खापरं मोलाची आहेत. ती धुऊन घासू नका. राख चिकटली असेल तर राहू द्या. कागदी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख, जागा, खोली लिहा.

खोली कशापासून मोजायची? अंगणाची पातळी उद्या राहणार नाही. गल्लीतल्या एखाद्या न हलणाऱ्या जागेवर, समोरच्या देवळाच्या पायरीवर समजा, रंगाने खूण करा. तो तुमचा शून्य. वाड्याचा उंबरा त्या शून्यापासून किती वर आहे ते मोजून ठेवा. पुढचं सगळं मोजमाप त्यावरून. एवढं एक काम जरी पाडकामाच्या आधी झालं, तरी पुढे सापडणाऱ्या प्रत्येक वस्तूला पत्ता मिळतो.

आता हे कशासाठी, ते सांगतो. बडोद्याची मूळ वस्ती विश्वामित्रीच्या पश्चिमेला, अंकोट्टक नावाची. आजचं अकोटा. राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याचा इ. स. ८१२चा ताम्रपट आहे. त्यात अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी वटपद्रक हे गाव एका ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. ते वटपद्रक म्हणजे आपलं वडोदरा. म्हणजे त्या काळी मोठं गाव अकोटा होतं आणि बडोदं त्याच्या हाताखालचं खेडं. पुढे पारडं उलटलं. ते कसं उलटलं, खेडं कुठून कुठे पसरलं, हे ताम्रपट सांगत नाही. ते तुमच्या चौकाखालच्या मातीत आहे. डॉ. सुब्बाराव यांनी १९५१-५२मध्ये बडोदे परिसराची पाहणी आणि उत्खनन केलं आणि १९५३ साली त्याचा अहवाल आला. त्यानंतर गेल्या सत्तर वर्षांत जुन्या शहरात किती पाये खणले गेले असतील! त्यातल्या प्रत्येक पायाने त्या अहवालात एक ओळ तरी घातली असती.

आणि त्याच अकोट्याची दुसरी बाजू. १९५१ साली तिथे जैन काशाच्या मूर्तींचा ठेवा निघाला. बडोद्याच्या संग्रहालयात तुम्ही त्या पाहिल्या असतीलच. ती चवरी धरलेली चामरधारिणी, तो जीवंतस्वामी, म्हणजे संन्यासाआधीचा महावीर. भारतीय धातुशिल्पाच्या इतिहासात त्यांना फार वरचं स्थान आहे. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा आयुष्यभर पुरेल असा अभ्यास केला. पण तो ठेवा पद्धतशीर उत्खननात निघालेला नव्हता. त्यामुळे मूर्तींवरचे लेख आणि शैली यावरून काळ लावावा लागला. त्या कुठल्या थरात होत्या, शेजारी काय होतं, कुणी आणि कोणत्या घाईत पुरल्या, हे प्रश्न मूर्ती बोलत असूनही अनुत्तरित राहिले. वस्तू वाचली आणि तिची जागा गेली, की असं होतं.

उंबरठा९०

सगळं वाचलं. कुणाला दुखवायचं नाही, पण एक बाजू मांडतो. मी अशाच एका वाड्यातला भाडेकरू आहे. आमचं काम सव्वा वर्ष रखडलं, कागदपत्रांच्या भांडणात. त्या सव्वा वर्षात आम्ही तिघं एका खोलीत, आई आजारी. बिल्डर भाडं देतो तेही करारात लिहिलेल्या महिन्यांपुरतं. संशोधन व्हावं, जरूर व्हावं, पण त्याची किंमत भाडेकरूने किंवा म्हाताऱ्या माणसाने का मोजावी? दांडियाबाजारकर, तुमच्या काकूंचा विचार आधी करा एवढंच म्हणतो.

दांडियाबाजारकर

उंबरठा९०, तुमचं मनाला लागलं. काकूंना कालच हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मला सहा महिने जास्त लागले तरी चालतील, पण आडात पडलेला माझ्या सासूबाईंचा तांब्या मिळाला तर मला द्या. खरं तर काकूंना एक महिनाही जास्त लागू नये, असंच मला वाटतं. म्हणून विचारतोय, काम न थांबवता काय होऊ शकतं?

लेखणी-शिक्का

वकिलीची तीस वर्षं झाली, जमिनीचीच कामं केली. भीतीबद्दल तेवढं सांगतो.

१) तुमच्या भागात तांबेकर वाडा आहे. तो केंद्राने संरक्षित केलेला आहे. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१०ला दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. तुमचं अंतर मोजून घ्या. बिल्डरने हे केलं असेल असं धरून चालू नका. इथे चूक झाली तर काम खरंच अडकतं, आणि खापरांचा त्यात काही दोष नसतो.

२) खाली काही सापडलं म्हणून जागा आपोआप सरकारची होत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची तर सरकारला आधी अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. राखेच्या पट्ट्यासाठी आणि खापरांसाठी तसं कुणी करत नाही.

३) मात्र नाणी, दागिने, मूर्ती असं काही निघालं तर १८७८चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्यांचा, कायदा लागू होतो. किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास गुन्हा. ठेवा बेवारस ठरला आणि दुसरा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला तो घ्यायचा असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. हे मजुरांना आणि मुकादमाला पहिल्याच दिवशी, गुजरातीत, समजावून सांगा. बहुतेक ठेवे लोभापेक्षा भीतीने गायब होतात. पोलीस मागे लागतील या भीतीने माणूस हंड्यातलं वितळवून टाकतो.

बिल्डरबरोबरच्या करारात एक परिच्छेद घाला : खोदकामाच्या वेळी जाणकार माणसाला हजर राहू देईन, आणि काही निघाल्यास त्या कोपऱ्यात अमुक तास काम थांबवीन. तास आकड्यात लिहा. मोघम लिहिलं की भांडण होतं.

टेम्सकाठ

मूळची बडोद्याची, आता पंचवीस वर्षं लंडनला. इथे हे रोजचं झालं आहे, म्हणून लिहिते. १९८९ साली थेम्सच्या दक्षिणेला एका ऑफिसच्या इमारतीसाठी खणताना रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले, शेक्सपिअरच्या काळातले. लोक रस्त्यावर आले, नट मंडळी यंत्रांसमोर उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९९०ला, सरकारने नियोजनाचं धोरण बदललं : बांधकामाची परवानगी मागतानाच जमिनीखाली काय असू शकतं याची पाहणी करा, आणि खर्च बांधणाऱ्याचा.

त्याचं फळ मी डोळ्यांनी पाहिलं. शहराच्या मध्यभागी ब्लूमबर्ग कंपनीच्या मुख्यालयाच्या जागेवर २०१० ते २०१४ उत्खनन झालं. जुन्या ओढ्याच्या ओल्या चिखलात रोमन काळातल्या लाकडी लेखनपाट्या टिकून राहिल्या होत्या, ४०० हून अधिक. त्यातल्या एकीवर इ. स. ५७च्या ८ जानेवारीची तारीख आहे आणि मजकूर काय, तर कुणी कुणाचे किती पैसे देणं लागतो. इमारत उभी राहिलीच. तिच्या तळघरात आज मिथ्र देवतेचं रोमन काळातलं मंदिर लोक फुकट बघतात. पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा मला आमच्या रावपुऱ्याच्या घराची आठवण येऊन रडू आलं. आमच्याखाली काय होतं, कुणी बघितलंच नाही.

साइटवरचा_माणूस

मी स्थापत्य अभियंता. बेसमेंटची कामं करतो, जुन्या शहरातही केली आहेत. प्रत्यक्षात काय शक्य आहे ते सांगतो.

समजा प्लॉट चार हजार चौरस फुटांचा, म्हणजे साधारण ३७० चौरस मीटर. साडेतीन मीटर खोल म्हणजे १३०० घनमीटर माती. सुटल्यावर माती फुगते, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या दीडशेच्या वर फेऱ्या. एक मशीन लावून रात्री काम केलं तर दहा-बारा दिवसांत खड्डा तयार. पुरातत्त्ववाल्यांना हाती मिळते ती एवढीच खिडकी.

पण सगळा खड्डा एकदम खणत नाहीत. शेजारची घरं जुनी, मातीच्या जुडाईची. त्यांना धक्का बसू नये म्हणून आधी कडेने आधार लावतो, मग टप्प्याटप्प्याने खाली जातो. प्रत्येक टप्प्यावर एक-दोन दिवस उभा काप, म्हणजे खड्ड्याची कापलेली बाजू, उघडा असतो. त्याच वेळात फोटो आणि मोजमाप करता येतं. कामाला एक तासही जास्त लागत नाही. फक्त माणूस तिथे हवा, हेल्मेट घालून, आणि काप दीड मीटरपेक्षा उंच असेल तर आधाराशिवाय खाली उतरायचं नाही. हे मी हट्टाने सांगतो.

दुसरं : मशीनच्या दातेरी बकेटऐवजी सपाट पात्याचं बकेट लावायला सांगा. दाते माती उकरतात, पातं सोलतं. वीतभर वीतभर सोलत गेलं तर भिंतीची रेघ, चुलीचा गोल, पेवाचं (धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचं) तोंड वरून स्पष्ट दिसतं. तशी बकेट भाड्याने मिळते. मी एका कामावर ती वेगळ्याच कारणासाठी लावली होती आणि जुन्या पेवाचं काळं वर्तुळ, हाताने काढल्यासारखं, मातीवर उमटलं. कुणाला सांगावं मला माहीत नव्हतं. फोटो काढला आणि पुढे गेलो. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

खापरखुणा

साइटवरचा_माणूस, तो फोटो जपून ठेवा. जागा आणि तारीख लिहून ठेवा. खरंच.

दांडियाबाजारकर, एक गोष्ट मला आधीच लिहायला हवी होती. पुरातत्त्वाच्या हेतूने उत्खनन करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो विद्यापीठांना, संस्थांना, राज्याच्या खात्याला एका हंगामापुरता मिळतो, घरमालकाला नाही. म्हणून हौसेने स्वतः चर खणू नका. पण पायासाठी जी माती निघणारच आहे, तिच्या कापावर जाणकाराने उभं राहून नोंद करणं, हा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात वीट, खापरं आणि बोअरचा अहवाल घेऊन जा. त्यांना पाहणीत रस वाटला तर ते पुढचं ठरवतील. बोअरचा अहवाल नक्की न्या. किती खोलीवर भराव, किती खोलीवर मूळ माती, हे त्यात आधीच लिहिलेलं असतं. भराव जिथे संपतो तिथपर्यंत माणसाचा वावर.

या विभागाला घाईच्या कामाची सवय आहे. मेश्वो नदीवर धरण व्हायचं ठरलं तेव्हा देवनी मोरीचा बौद्ध स्तूप पाण्याखाली जाणार होता. १९६० ते ६३ मध्ये रमणलाल मेहता आणि चौधरी यांनी तो उत्खनन करून काढला. त्यातून निघालेल्या दगडी करंडकावर संस्कृत लेख आहे, ‘दशबलशरीरनिलय’. म्हणजे बुद्धाच्या अवशेषांचं घर. स्तूपाची जागा आज जलाशयाखाली आहे. करंडक बडोद्यात आहे. धरणही झालं.

आणि मंडळी, वाडासुद्धा एक थरच आहे, सगळ्यात वरचा. त्याची नोंद आधी करा. आराखडा, तुळयांचे सांधे, खांबांचे तळखडे, भिंतीच्या गिलाव्याचे किती लेप आणि कुठल्या रंगाचे. कोनाड्यात, बळदात (सामान ठेवायच्या भिंतीतल्या पोकळीत) कागद असतील तर मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय रद्दीत घालू नका. कोरीव खांब विकत घेणारे पाडकामाच्या आठवडाभर आधी येतात. कुठला खांब कुठल्या खणातला, याची खडूने खूण केल्याशिवाय एकही हलवू देऊ नका.

माजघर

कागदांबद्दल खरं आहे. आमच्याकडे बळदातून दोन पत्र्याचे डबे निघाले होते. मामांनी एक उघडला तर हिशेब, बडोदे संस्थानच्या जुन्या बाबाशाही रुपयांतले. तूप इतकं, गूळ इतका, पागेतल्या घोड्याला हरभरा इतका. दुसरा डबा उघडेपर्यंत मजुरांनी शेकोटीला घातला होता. थंडीचे दिवस होते, त्यांना काय बोलणार.

दांडियाबाजारकर

बरेच दिवसांनी लिहितोय.

तांबेकर वाड्यापासूनचं अंतर मोजून घेतलं. आम्ही १००च्या बाहेर पण ३००च्या आत निघालो. बिल्डरने परवानगीसाठी अर्ज केलेलाच नव्हता. आता केला आहे. लेखणी-शिक्का, तुमच्यामुळे मोठी अडचण टळली. आता माझ्या चुलतभावांनाही माझं म्हणणं ऐकावंसं वाटू लागलं आहे.

विद्यापीठात गेलो. तिथल्या मॅडमनी खापरं हातात घेतली आणि दोन ढीग केले. एका ढिगात काचेसारखा निळा-हिरवा लेप दिलेले तुकडे, ते सल्तनत काळाच्या आसपासचे असावेत असं म्हणाल्या. दुसऱ्या ढिगात दोनच तुकडे, लाल, गुळगुळीत. त्यांच्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, हे नक्की राखेच्या खालचे का? मला सांगता आलं नाही. मजुराने दोन्ही एकाच घमेल्यात टाकले होते. परतताना सारखं तेच डोक्यात होतं.

वास्तुकलेचे सहा विद्यार्थी चार रविवार येऊन आराखडा काढून गेले. माजघराच्या भिंतीवर गिलाव्याचे नऊ लेप निघाले. पाचवा गडद निळा होता. काकूंना तो रंग आठवत नाही, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या आधीचा.

करारात परिच्छेद घातला : एका वेळी आठ तास, जास्तीत जास्त चार वेळा. सपाट बकेटही ठरली. उंबरठा९०, तारीख एक दिवसही पुढे गेलेली नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

उंबरठा९०

वाचून फार बरं वाटलं. काकूंना नमस्कार सांगा. मी रावपुऱ्यातच असतो. फळीवर उभं राहून नोंदी करायला माणूस कमी पडला तर कळवा, सकाळी दहापर्यंत मोकळा असतो.

दांडियाबाजारकर

नक्की कळवतो. सोमवारपासून आडाच्या बाजूचा कोपरा घेणार आहेत. देवळाच्या पायरीवर लाल खूण केली आहे. सगळ्यात जास्त विरोध करणारा थोरला चुलतभाऊ पहिल्या दिवशी स्वतः उभा राहतो म्हणालाय. त्याने मोजायला पाच मीटरची पट्टी आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा आणला आहे. राखेच्या वरच्या पिशव्या एका टोपलीत आणि खालच्या दुसऱ्या टोपलीत, एवढं काकूंनी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.